आधीच उचललेला पाय

मुलांनो, तुमच्या बाबांनी मला घेऊन दिलेली हायब्रीड गाडी चालवायला एक गृहस्थ येतात. शिरूरहून दौंडला जाताना लांबवर गतिरोधक दिसला, की ते ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतात. गाडी आपोआप मंदावते आणि बॅटरी भरू लागते. "ब्रेक दाबला म्हंजी पेट्रोल रस्त्यावर वतलं, बाई," असं ते मला समजावत. मागून कुणी हॉर्न वाजवला, की पुटपुटत, "जा बाबा, तुझ्या सासऱ्याचा पंप दिसतोय."

या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नीच्या छातीत दुखू लागलं. मी म्हटलं, "आपलीच गाडी न्या." कवठे येमाईहून ते तिला घेऊन निघाले. शिरूरच्या दवाखान्याच्या दारातच तिने प्राण सोडला.

तेराव्यानंतर ते कामावर आले. आम्ही दौंडला निघालो होतो; न्हावरं मागे पडलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत गणित शिकवायच्या. त्या दिशी बी दर गतिरोधकाला माझा पाय आधीच उचलला गेला. सवयच हो. किती मिनिटं गेली असतील?"

मी मनात हिशेब केला. तीन-चार मिनिटं तरी गेली असणार.

"अर्धं मिनिटसुद्धा नाही," मी म्हणाले.

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"परवा मोटारसायकलवर दोन्ही तऱ्हेनं जाऊन बघितलं मी. चार मिनिटं हायेत, बाई."