धोंडूची तडीपारी

घोडपदेवच्या धोंडू परबाच्या कपाळावर पोलिसी लाठीचे सात टाके पडले होते आणि त्यांचा त्याला मुंडावळ्यांइतका अभिमान होता. छप्पन्न साली संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्यानं एका हवालदाराची लाठी हिसकावली आणि तिनंच दोघांना आडवं केलं. मग चौघांनी मिळून त्याला. खाटेवरून उठतो न उठतो तोच हुकूम आला: दोन वर्षं मुंबईतून तडीपार. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून डोकं फोडून घेतलं, आणि ती त्यालाच बंद!

गिरगावातल्या अप्पा वकिलांनी अपील ठोकलं. "हुकमात लिहिलंय, तुझ्या दहशतीनं कुणी उघड साक्ष द्यायला धजत नाही, म्हणून साक्ष गुप्त घेतली. ते खोटं ठरलं की हुकूम गेला. तुला न घाबरणारी माणसं आण. आणि तू हात उगारलास, की मुंबई विसर!"

सुनावणीला धोंडूनं अख्खी चाळ कचेरीत आणली.

अपील ऐकणाऱ्या साहेबांनी विचारलं, "याला भिता का?"

मासे विकणारी पुतळामावशी पुढे झाली. "ह्याका? ह्या मेल्याक कोण घाबरता!" आणि खाडकन कानाखाली. तालमीतल्या कुशाबानं पाठीत असा गुद्दा घातला की टेबलावरची दौत कलंडली. शेजारच्या खोलीतल्या चंपानं चप्पल काढली. धोंडूचा ओठ फाटला, कपाळाची जखम उघडली, पण हात मागे बांधलेलेच.

कोपऱ्यावरचा पानवाला बाबुराव गर्दीतून हे पाहत होता. एवढे मारतात आणि धोंडू गप्प! त्याला राहवेना. पुढे घुसून त्यानंही दोन लगावल्या. "माझ्या दुकानाच्या काचा फोडतोस? साहेब, तुमचा गुप्त साक्षीदार मीच!"

अप्पा टुणकन उठले. "घ्या! साक्षीदारच भर कचेरीत याला बडवतोय. कसली दहशत, साहेब?"

हुकूम रद्द झाला.

धोंडूनं कागदाची घडी खिशात घातली, तोंडाचं रक्त पुसलं आणि बाबुरावाला जिन्यावर गाठलं. "आता हात मोकळे झाले, बाबुरावशेट." तळमजल्यापर्यंत पोचता पोचता बाबुरावाचे पुढचे दात वरच्याच पायऱ्यांवर राहिले होते. साहेब कठड्यावरून वाकून बघत होते.

महिन्याभरात दुसरा हुकूम आला. मजकूर तोच: साक्षीदार भीतीनं पुढे येत नाही.

"अपील?" धोंडूनं विचारलं.

"या वेळी खरं आहे रे ते," अप्पा हताशपणे म्हणाले.

पनवेलच्या एस्टीत बसलेल्या धोंडूच्या हाती पुतळामावशीनं खालून बांगड्याच्या झणझणीत तिकल्याचा डबा दिला, आणि खिडकीतून हात घालून एक थोबाडीत.

"ही कशाला गं?"

"मी अजून घाबरत नाय, म्हणान!"