हायजॅक कुणाच्या हद्दीत?

आमची शॉर्ट फिल्म अजून अर्धवट आहे. किस्से मात्र तिच्यापेक्षा लांब झालेत. चहाला बसलं की कुणीतरी एक काढतंच, आणि शेवटच्या किश्शापाशी आलो की सगळे मोबाइलमध्ये बघायला लागतात.

फिल्म अशी: बारामतीहून इंदापूरला निघालेली बस एकजण हायजॅक करतो, एक तरुण फौजदार ती सोडवतो. लेखन-दिग्दर्शन माझं. हायजॅकर तुषार. फौजदार समीर शेख, वडगाव निंबाळकरचा; त्याच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. सल्लागार माझे चुलते तात्या, रिटायर्ड फौजदार. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. ते आले.

*

तात्यांनी स्क्रिप्ट ऐकली.

"गाडी कुठं पळवली?"

"अंथुर्ण्याजवळ."

"मग बारामतीचा फौजदार तितं काय करतोय? हद्द न्हाय त्याची."

"तात्या, बसमधली माणसं मरतील."

"मरतील की. आदी हद्द ठरवायची, मग गोळी."

*

क्लायमॅक्सला समीर धावत्या बसवर उडी मारतो, असं मी लिहिलं होतं. तात्या म्हणाले, "उडी मारली तर चौकशी लागंल. हद्दीपर्यंत पाठलाग करायचा आन् पुढच्या ठाण्याला फोन लावायचा."

"मग हिरो काय करणार?"

"घरी जाणार. ड्युटी संपली."

तुषार म्हणाला, "रिअल आहे, पण बघणार कोण? तुम्ही एकटेच."

*

समीर वर्दी घालून बघत होता. रुबाबदार दिसत होता. तात्यांनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाले, "त्यालाच हायजॅकर कर की. पब्लिकला रिअल वाटंल."

"फौजदार समीरच. नाहीतर फिल्म बंद."

"आगं, मी काय वाईट बोललो?"

समीर पट्टा आवळत म्हणाला, "तात्या, सॅल्यूट कसा मारायचा ते दाखवा ना."

तात्यांनी अगदी मन लावून दाखवला. माझे कान तापले. चुलता माझाच ना.

*

शूटिंगची परवानगी तात्या काढणार होते. "माझा शब्द हाय," म्हणाले. म्हणजे काढली नव्हती. तालुक्याच्या वेशीवर भाड्याची बस आडवी लावली, तुषार खेळण्यातलं पिस्तूल घेऊन दारात उभा राहिला, आणि कुणीतरी पोलिसांना फोन केला. दोन्ही बाजूंनी गाड्या आल्या.

"पुढची चाकं तुमच्याकडं आहेत, केस तुमची," अलीकडचे साहेब म्हणाले.

"दार तुमच्याकडं उघडतंय. तुम्हीच घ्या," पलीकडचे म्हणाले.

अर्धी दुपार हेच. तात्या खुशीत होते. शेवटी, निदान नावं तरी घेऊ, असं ठरलं. तुषारनं पिस्तुलासकट नाव सांगितलं. "बरं," म्हणाले. माझं झालं. समीरनं अजून वर्दी चढवली नव्हती. साध्या शर्टात, उजेडासाठी थर्माकोलची शीट धरून उभा होता.

"समीर शेख."

दोन्ही साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ह्याला आमच्याकडं द्या," पलीकडचे म्हणाले. "घटना आमच्या हद्दीतली आहे."

"तुमच्या कशी? गाडी आमच्या हद्दीत उभी आहे," अलीकडच्यांनी समीरचा दंड धरला.

मी तात्यांकडे पाहिलं. ते रस्त्याकडेचा ऊस बघत होते. पिस्तूल तुषारच्या हातातच होतं.