वितळलेल्या धातूचा पंप

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या घरापासून फार लांब, समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. अणुभट्टीतली उष्णता वाहून न्यायला तिथं पाण्याऐवजी वितळलेला सोडियम वापरायचा होता. तो पाइपातून ढकलणाऱ्या पंपावर आमचं काम चालायचं. एकदा पाइपाचा जोड गळू लागला, सोडियमनं पेट घेतला आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याचा हात भाजला. हे मी घरी कळवलं, तिथंच चुकलं. वडिलांनी शेजाऱ्याकडून पत्र लिहून घेतलं: नोकरी सोड, परत ये.

मी रजा काढून घरी आले.

वडील गिरणीच्या बॉयलरखान्यात फिटर होते. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथं दोरीसारखं पॅकिंग ठासून भरतात. एकदा तेच फुटून उकळतं पाणी त्यांच्या अंगावर आलं होतं. उजव्या हाताची कातडी तेव्हापासून आक्रसलेली.

"पाण्यानं माजी ही गत झाली," ते म्हणाले. "तुज्या पंपात तर आग हाय."

"आबा, आमच्या पंपाला दांडाच नाही. आत काही फिरतच नाही."

"मग ढकलतंय कोण?"

मला तोंडी समजावता येईना. मी कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांकडे गेले. त्यांच्याकडे पारा होता, तोही पातळ धातूच, आणि मोठा चुंबक होता. दोन दिवस खपून आम्ही एक अरुंद, गोल फिरून परत येणारी पन्हळ बनवली, तिचा एक भाग चुंबकाच्या दोन टोकांमधे धरला, तिथं दोन्ही कडांना तांब्याच्या पट्ट्या लावल्या आणि पन्हळीत पारा ओतला.

तिसऱ्या दिवशी वडील धुतलेला सदरा घालून आले. कॉलेजात ते पहिल्यांदाच येत होते. सरांनी खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. मी पट्ट्यांना बॅटरी जोडली. पारा थरथरला आणि पन्हळीतून गोल वाहू लागला. वडिलांनी कान जवळ नेला.

"आवाज न्हाय."

"चुंबक आणि वीज मिळून ढकलतात," सर म्हणाले.

वडिलांनी स्वतः तार काढली, पारा थांबला. पुन्हा लावली, वाहू लागला. असं चार-पाच वेळा केलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मग त्यो गडी भाजला कसा?"

गप्प बसता आलं असतं. "पाइपाचं वेल्डिंग कच्चं होतं," मी म्हणाले. "तपासणी दुसऱ्याकडं होती. मी त्याच्या सहीवर विसंबले."

त्यांनी तार काढून ठेवली. घरापर्यंत आम्ही चालत आलो. मला वाटलं, आता नोकरी संपली. ओट्यावर टेकल्यावर ते म्हणाले, "जायचं तर जा. पर सहीवर जाऊ नगंस. जोड सोता बघ. येळ लागला तर लागू दे."

मी परत गेले. जोड पाहण्यात माझे तासन् तास जायचे. वरिष्ठ चिडायचे, मी ऐकून घ्यायचे.

पुढच्या उन्हाळ्यात आमचा पंप पूर्ण चाचणीला लागला. मी सांगायला घरी आले तेव्हा वडील अंथरुणाला खिळले होते. आवाज पार खोल गेला होता.

"किती दिस चालला?"

"अजून चालू आहे, आबा."

"गळला न्हाय?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि पाणी मागितलं. चार दिवसांनी ते गेले.