पाचव्यासाठी चौथं

गणपत गमरे यांना मस्कतमधले सगळे मराठी बौद्ध 'गमरेसाहेब' म्हणत, आणि गमरेसाहेबांना ते मनापासून आवडे. का आवडू नये? चिपळूणजवळच्या ज्या गावात त्यांच्या आईला विहिरीपासून लांब उभं राहून कुणी हंड्यात पाणी ओतेल याची वाट बघावी लागे, त्या गावचा मुलगा इथे ओमानमध्ये समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर झाला होता. शहराच्या नळाला येणारं पाणी आपल्या नजरेखालून जातं, हे ते नव्या पाहुण्याला पहिला चहा संपायच्या आत सांगत. सुलोचनाबाई, त्यांच्या पत्नी, आतून ऐकत आणि पोह्यांवर खोबरं पेरत.

ओमानची सुट्टी शुक्रवारची. त्या सकाळी मस्कतच्या रुवी भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधला सोफा भिंतीला सरके, सतरंज्या पडत, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लागत आणि माणसं जमत. गमरेसाहेब पुढे बसून पंचशील म्हणत, बाकीचे त्यांच्या मागून. पहिली चार शीलं एका सुरात जात. पाचवं, दारू न पिण्याचं, आलं की साहेबांचा आवाज एक पट्टी वर चढे. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबालाही ते पाठ झालं असावं.

त्याला कारण होतं. त्यांच्या वडिलांनी धर्म बदलला, देव्हारा बदलला, पण बाटली तेवढी बदलली नाही. शेवटी तिनेच त्यांना नेलं. तेव्हापासून गणपतने थेंबाला हात लावला नव्हता. कंपनीच्या पार्टीत मॅनेजरने ग्लास पुढे केला की ते नमस्कार करून मोकळे होत. कारखान्यात त्यांच्याबरोबर काम करणारा ओमानी ऑपरेटर शरीफ दुपारी बिनदारूच्या माल्टचे थंड डबे आणी, तेवढं एक चाले. तेही लेबल दोनदा वाचून.

आणि अशा माणसाचा एकुलता एक मुलगा बीअर बनवायला शिकणार होता.

अतुलला जर्मनीला पाठवायचं हे साहेबांनी तो नववीत असतानाच ठरवून टाकलं होतं. कारखान्यातले जर्मन पंप वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालत. ज्या देशात असे पंप होतात तिथेच आपला मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचा, एवढा सरळ हिशेब. नव्याण्णव साली अतुल गेला. पुढच्या चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात मुलगा हजर नसताना बापाने त्याच्या नावची शाल स्वीकारली आणि ती अंगावरून उतरवायला बरेच दिवस घेतले.

दोन हजार एकच्या हिवाळ्यात अतुलचा फोन आला.

"पप्पा, मी सब्जेक्ट चेंज करतोय. युनिव्हर्सिटी पण."

"कशासाठी?"

"टेक्निकल मेकॅनिक्समध्ये दोनदा फेल झालो. इथे तिसऱ्यांदा फेल झालो तर फिनिश. पूर्ण जर्मनीत कुठेच मेकॅनिकल करता येणार नाही. त्याच्या आधी बदललं तर मॅथ्स, केमिस्ट्रीचे पेपर नव्या कोर्समध्ये धरतात."

"मग कसला कोर्स?"

"ब्रूइंग. सुट्टीत मी एका ब्रूअरीत काम केलं ना, तिथे मला फर्स्ट टाइम अभ्यास आवडला, पप्पा."

साहेबांनी फोन ठेवला. आदळला म्हणणं जास्त खरं. मग सुलोचनाबाईंना म्हणाले, "आजोबा प्यायचा, नातू गाळणार! मधल्या मधे मीच काय तो खुळा."

अडचण अशी की तिकडे परक्या मुलाला विषय बदलायचा तर तिथल्या व्हिसाच्या कचेरीची परवानगी लागे, आणि नव्या शिक्षणाचा खर्च मी करीन असं बापाच्या सहीचं पत्र लागे. महिनाअखेर पत्र गेलं नाही तर अतुलला नवा प्रवेश नाही, जुन्यात परत तोच पेपर, आणि त्यात घसरला की सामान बांधून मस्कतला परत. सगळं साहेबांच्या सहीवर येऊन थांबलं होतं, आणि साहेब सही करायला तयार नव्हते.

त्या शुक्रवारी वंदना संपल्यावर वसुंधराताईंनी सहज विचारलं, "अतुल काय म्हणतो?" वसुंधराताई इस्पितळात नर्स, या मंडळींत सगळ्यांत ज्येष्ठ, आणि त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलणं सोपं नव्हतं. म्हणून साहेबांनी पोह्यांच्या बशीकडे बघत सांगितलं, "त्याने लाइन बदलली. आता फूड टेक्नॉलॉजी. तिकडे फार स्कोप आहे."

"म्हणजे बिस्किटं वगैरे?"

"हो हो. बिस्किटं, ब्रेड... तसलंच."

पुढच्या शुक्रवारपर्यंत त्या बिस्किटांचा कारखाना झाला होता. कुणी अभिनंदन केलं, कुणी अतुल मस्कतजवळ बरक्याला बेकरी काढणार का म्हणून विचारलं, एकाने तर आपल्या भाच्यालाही तोच कोर्स करायचाय म्हणून माहिती मागितली. साहेब घामाघूम. पाहुणे गेल्यावर सुलोचनाबाई सतरंजीची घडी घालत म्हणाल्या, "पाचवं वाचवायला चौथं मोडलंत की हो."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. गमरेसाहेबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांना फक्त कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. ते तडक बाल्कनीत गेले आणि उगाच वाळलेले कपडे परत दोरीवर नीट करू लागले.

सुलोचनाबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. दोन दिवसांनी त्यांनी फोन लावला आणि रिसीव्हर नवऱ्याच्या हातात कोंबला. पत्राचं नाव न काढता साहेबांनी शरीफच्या डब्यांबद्दल विचारलं: त्या माल्टमध्ये दारू नसते ती कशी?

"आधी असते, पप्पा. नंतर काढतात. सरळ उकळलं तर चव जाते. म्हणून व्हॅक्यूममध्ये ठेवतात, मग कमी टेंपरेचरला..."

"...उकळतं," साहेब म्हणाले. "अरे, हे तर आमचंच! आम्ही समुद्राचं पाणी तसंच उकळतो. दाब किती धरता?"

अतुलने सांगितला. साहेबांनी शंका काढली. अतुलने उत्तर दिलं, साहेबांनी आणखी एक विचारलं. मेकॅनिकलच्या दोन वर्षांत हा पोरगा विचारल्याशिवाय एक वाक्य बोलला नव्हता; आता अडखळत्या मराठीत इंग्रजी आणि जर्मन कालवून तो नुसता धबधब्यासारखा वाहत होता. साहेबांच्या लक्षात आलं, की जन्मात पहिल्यांदाच आपण मुलाशी आपल्या कामाबद्दल बोलतोय आणि तो कंटाळलेला नाही. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याचा रागही आला.

"पप्पा, लेटरचं काय?" अतुलने शेवटी विचारलं.

"बघू," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

महिनाअखेरच्या शुक्रवारी हॉल भरला होता. साहेबांनी सुरुवात केली. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला त्यांनी तोंड उघडलं आणि आवाजच येईना. मागे लोक थांबले. साहेबांना विसर पडला असेल म्हणून कुणीतरी हळूच पहिला शब्द पुरवला. साहेब मूर्तीकडे पाठ होऊ नये म्हणून तिरके वळले.

"मला पाठ आहे," ते म्हणाले. "पण आज म्हणवत नाही. माझा अतुल बिस्किटं शिकत नाही. बीअर बनवायला शिकणार आहे. मी तुमच्याशी खोटं बोललो. शील द्यायला दुसऱ्या कुणाला तरी बसवा."

असं म्हणून ते खरोखरच उठले आणि मागच्या रांगेत जाऊन भिंतीला टेकून बसले. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. भाच्यासाठी माहिती मागणाऱ्याचा चेहरा तर बघण्यासारखा झाला होता.

वसुंधराताई म्हणाल्या, "पोरगा पितो का?"

एवढे दिवस साहेब चिडले, कुढले, जेवणावर रुसले. पण ही एक गोष्ट त्यांनी मुलाला विचारलीच नव्हती. "मी विचारलं नाही," ते म्हणाले.

"मला शुगर आहे, आणि बर्फीच्या दुकानातला माणूस मला गोड खाऊ नका म्हणून सांगतो. बनवणारा तो खाणाराच, असं कुठं असतं?" वसुंधराताई म्हणाल्या. "आणि एक सांगू, गमरेसाहेब? इतकी वर्षं तुम्ही आम्हाला शील देताय. पण तुम्ही पाचही पाळत असाल असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. आपण दर शुक्रवारी परत परत म्हणतो ते कशासाठी? या पुढे. पोहे गार होतायत."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. साहेब उठून पुढे आले. चौथं शील त्यांनी हळू म्हटलं, सावकाश, आणि पाचव्याला या वेळी पट्टी चढवली नाही. सुलोचनाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या पदराने डोळे पुसले आणि कांद्यावर ढकललं.

माणसं गेल्यावर साहेबांनी सोफा जागेवरही सरकवला नाही. तसेच सतरंजीवर बसून त्यांनी जर्मनीला फोन लावला.

"पत्र लिहायला बसलोय," ते म्हणाले. "कोर्सचं नाव नीट सांग."

अतुलचा आवाज एकदम उजळला आणि लगेच सावध झाला. "पप्पा, तुम्ही तिकडे फूड टेक्नॉलॉजी सांगितलंय ना? मम्मीने सांगितलं. लेटरमध्ये पण तसंच लिहा, चालतं. इकडे कोणाला प्रॉब्लेम नाही. तुम्हाला उगाच लाज वाटायला नको."

मुलगा आपल्याला सांभाळून घेतोय, हे कळायला साहेबांना वेळ लागला नाही. त्यांनी पेन उघडलं.

"बीअर," ते म्हणाले. "स्पेलिंग सांग."