नोटीसबाई आणि मिठाची चौकी

आमच्या बाई कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नसत. एका हातात नोटीस, दुसऱ्या हातात खाऊचा पुडा. क्रमही ठरलेला. "आधी नोटीस, मग खाऊ," त्या मला बजावत. "उलटं केलंत तर लाच दिसते."

नव्वदच्या दशकातली नवी मुंबई. आमच्या नियोजनाच्या ऑफिसात जुन्या वास्तूंसाठी एकच टेबल होतं. टेबलामागे बाई, आणि टेबलाच्या कोपऱ्याला टेकलेला ज्युनिअर इंजिनिअर मी. नव्या शहरात जुनं काय असणार, म्हणून लोक आम्हाला हसत. बाई शांतपणे म्हणत, "शहर नवीन आहे हो, जमीन नाही." गावांतून त्यांना नोटीसबाई म्हणत. मला नाव नव्हतं. मी नुसता 'बाईंसंगतीचा तो'.

घणसोली गावाच्या खाडीकडच्या टोकाला मिठाची चौकी होती. काळ्या दगडाची, कौलारू. मिठागरांतलं मीठ पूर्वी तिथे तोललं जायचं. आता ती धर्मादादांच्या मालकीची होती आणि त्यांना त्या जागी भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या. चौकी पाडायला मनाई, म्हणून दादांनी ती पाडली नाही. अधूनमधून चार कौलं तेवढी काढत राहिले. पुढचं काम पावसाकडे सोपवलेलं.

"म्याडम, आमी हातबी लावला नाय," दादा म्हणाले. "वारा येतो, कौलं जातान."

"वारा शिस्तीचा दिसतो," बाई म्हणाल्या. "उडवलेली कौलं तुमच्या पडवीत रचून ठेवतो."

मग त्यांनी नोटीस दिली. पावसाआधी छप्पर नीट करा, नाहीतर ऑफिस करील आणि खर्च तुमच्याकडून घेईल. आणि त्याच दमात दुसरी बाजूही सांगितली. चौकी राखलीत तर तिची घरपट्टी माफ, शिवाय शेजारच्या मोकळ्या जागेत बांधाल त्यावर एक मजला जास्त.

दादांनी पुडा बाजूला ठेवला. "शहरासाठी जमिनी घेतल्या तवाबी असंच गोड बोलले. कायदा आमच्यासाठी. तुमच्या मानसाला कोन धरतंय?"

 उत्तर द्यायचं होतं बाईंनी, दिलं मी. छपराचं माप घ्यायला म्हणून मी तडक वर चढलो. "वासं कुजलं हाईत रं," दादा खालून ओरडले. पण इंजिनिअर मी होतो. वासे कुजलेत की नाही, हे मी त्यांच्यावर उभं राहून ठरवणार होतो. ते लगेच ठरलं. दोन वासे आणि पुष्कळशी कौलं सोबत घेऊन मी खाली मासेमारीच्या जाळ्यांच्या ढिगावर आलो.

दादांचा चेहरा उजळला. "लिवा म्याडम. आमी नाय पाडली, तुमच्या सायबान पाडली."

बाईंनी आधी माझी हाडं तपासली. मग पर्समधून कोरी नोटीस काढली, दादांच्या ओट्यावर बसल्या आणि ती माझ्या नावाने लिहिली. नुकसान केलं, दुरुस्ती स्वखर्चाने करावी.

"बाई, मी तर ड्युटीवर होतो," मी कळवळलो.

"म्हणूनच जास्त जबाबदार. दादा, साक्षीदार म्हणून इथे सही करा."

मी नोटीस घेतली. मग त्यांनी मला चिक्की दिली.

त्यानंतरचे माझे रविवार त्या छपरावर गेले. गावाला फुकट करमणूक झाली. सुतारांना मी वासे आणून दिले, कौलं मात्र स्वतः बसवली, म्हणजे बसवली आणि घसरवली. एका रविवारी शिडीवर दादाच दिसले. "सरक. तुझ्या हातान ती परत परल." थोडी कौलं लावून झाल्यावर खाली न बघता म्हणाले, "बाय सोताच्या मानसाला सोडीत नाय. मंग दिलेला शब्दबी पालल."

बाईंनी पाळला. नोटिशीपेक्षा जास्त जोर त्यांनी त्या एका मजल्याच्या मंजुरीसाठी लावला. टेबलाटेबलावर उभ्या राहून सह्या मिळवल्या. पावसाळा गेला, चौकी कोरडी राहिली. पुढच्या उन्हाळ्यात दादांच्या लेकीची हळद चौकीच्याच अंगणात वाजली, आणि मग गावातले इतरही आपल्या हळदीसाठी अंगण मागू लागले.

बाईंची विदर्भात बदली झाली तेव्हा मी दादांना सांगायला गेलो. तोंडाला खाज, म्हणून म्हणालो, "आता काय दादा, रान मोकळं. पाडून टाका."

दादा बसल्या जागेवरून उठले. "आमच्या चौकीला कुनी हात लावून बघूदे. नोटीस नाय देनार, सरल खारीत बुरवीन. तुलाबी."

रात्री मी बाईंना फोन लावून हे शब्दशः ऐकवलं.   पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि बाई म्हणाल्या, "त्यांना सांगा, बुडवण्यापूर्वी रीतसर मुदत द्यावी लागते."