बैल कधी सोडायचे

कॉलेजात माउसचा धडा चालू होता. माउसचं बटण दाबल्यावर काय व्हावं आणि सोडल्यावर काय व्हावं, हे प्रोग्रामला वेगवेगळं सांगावं लागतं. सरांनी मनानं काहीतरी करून आणायला सांगितलं. बाकीच्यांनी फुगे फोडले, मी बैलगाडा केला. मंचरकडच्या पोरीला दुसरं सुचणार तरी काय?

खरं कारण आप्पा, माझे वडील. गावच्या यात्रेतल्या शर्यतीत गाडा सुटेपर्यंत आमचे बैल धरून उभं राहायचं काम कैक वर्षं त्यांचं. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी मनाई केली आणि ते काम धाकट्या चुलत्यांकडे गेलं. आप्पांनी जाहीर केलं, की आपण यात्रेला येणारच नाही. आईनं समजावलं, चुलत्यांनी विनवलं. पण आप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी लॅपटॉप पुढ्यात ठेवून माउस त्यांच्या हातात दिला. त्यांनी बटण दाबलं मात्र, बैल पडद्याच्या दुसऱ्या टोकाला. मी शाबासकीची वाट बघत होते.

"हात सोडल्याबिगर बैल पळालंच कसं?" आप्पांनी माउस बाजूला सारला.

मला असा राग आला! मी म्हटलं, कॉम्प्युटरवर दाबलं की होतं. ते म्हणाले, मग तुझ्या कॉम्प्युटरनं कधी बैल धरलेला नाही. धरणाऱ्याचं सगळं काम सुटायच्या आधीचं असतं. एक बैल पुढं झुकलाय, दुसऱ्याची मान वळलीय, अशात सोडलं की गाडा आडवा गेलाच म्हणून समजायचं.

तणतणत का होईना, मी प्रोग्राम बदलला. आता बटण दाबून धरलं की बैल जागच्या जागी चुळबुळ करायचे आणि मधूनच क्षणभर एका रेषेत यायचे. तेवढ्यात बोट उचललं तर गाडा सुसाट. माझा दर वेळी आडवाच गेला.

आप्पा बटण दाबून बसले ते बसलेच. सोडा म्हटलं तर त्यांनी डाव्या हातानं मला गप्प केलं. मग बोट उचललं, गाडा सरळ वर गेला आणि आप्पा एवढ्या मोठ्यानं 'भिर्रर्र' ओरडले, की आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. किती दिवसांनी ते असे हसत होते! मला प्रोग्रामचे मार्क नाही मिळाले तरी चालणार होतं.

दोन दिवसांनी चुलते डोकावले. आप्पांनी त्यांनाच माउसवर बसवलं. चुलत्यांचा गाडा आडवा, पुन्हा आडवा. शेवटी आप्पांनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. "दम धर. अजून न्हाई... आता सोड."

यात्रेच्या सकाळी फेटा बांधून सगळ्यांआधी तयार कोण, तर आप्पा. गाडे ज्या चढावर पळतात त्या घाटाच्या कडेला त्यांना खुर्चीत बसवलं. समोर चुलत्यांनी बैल धरले. निशाण पडलं, लोक ओरडायला लागले, तरी चुलते बैल सोडेनात. ते आप्पांकडे बघत होते. आप्पांनी मान हलवली, तेव्हा बैल सुटले.