हाली नोटा आणि आम्ही चौघे

जुन्या नोटा जमवणाऱ्याकडे नोटा थोड्या आणि किस्से फार साठतात. नोटेला निदान कसर तरी लागते, किश्शाला तीही लागत नाही!

सत्तरच्या दशकात सोलापुरात आम्ही चौघे संस्थानी नोटांच्या नादी लागलो होतो. मुख्यतः निजामाच्या हैदराबादच्या. त्यांना आमच्याकडे हाली नोटा म्हणत. बाजारातून त्या केव्हाच बाद झालेल्या, पण संस्थानची हद्द जवळ होती, त्यामुळे कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या पोथीत अजून सापडायच्या. शुक्रवार पेठेत सिद्धप्पाचं भुसार दुकान होतं. तिथं रविवारी सकाळी पोत्यांवर आमची बैठक. सिद्धप्पा, पोस्टातले सरवदे, पुस्तकं बांधणारे रहीमचाचा आणि शाळेत भूगोल शिकवणारा मी.

*

सिद्धप्पानं पहिली नोट हौसेनं फ्रेम करून भिंतीवर लावली. हाली नोटेच्या एका बाजूला सगळं उर्दू आणि पाठीमागं किंमत मराठी, कानडी, तेलुगूत. सिद्धप्पा घरी कानडी बोलणारा. त्यानं पाठ दर्शनी ठेवली.

चाचा आले, चष्मा लावला, फ्रेम उचलून मागं डोकावले आणि कळवळून म्हणाले, "क्या जुलम करे रे सिद्धप्पा! पूरी हैदराबाद कू दीवार की तरफ मूं करकू बिठाए!"

दुसऱ्या रविवारपासून फ्रेम भिंतीवरून उतरली, मागंही काच बसली. जो यायचा तो आपली भाषा वर करून बघायचा!

*

सरवद्यांना घडी पडलेली नोट बघवत नसे. एकदा त्यांनी मुलीची शाळेची रिबन इस्त्री करता करता नोटही इस्त्रीखाली घेतली. नोट सरळ झाली, पण कोपऱ्यावर इस्त्रीच्या टोकाचा तांबूस डाग उठला.

पुण्याहून एक जाणकार आले होते. ते भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. "हा शिक्का मी कधी पाहिला नाही. कुठल्या खजिन्याचा?"

सरवदे खाली मान घालून म्हणाले, "आमच्या घरचाच आहे!"

*

मी एकदा आठवडी बाजारात एक रंगीत उर्दू कागद घेतला. विकणारा म्हणाला, संस्थानी नोट आहे, दुसरी मिळायची नाही. मी ऐटीत चाचांपुढं ठेवला.

चाचांनी दोनदा वाचला. "मास्टर, ये तो दवा का कागद है. बवासीर की."

 मग सरवदे म्हणाले, "ठेवा की. पोत्यांवर बसून बसून मूळव्याधीला लागेलच कधीतरी!"

*

नमुना म्हणून मी एक रुपयाची हाली नोट खिशात बाळगत असे. मोहोळच्या एसटीत तिकिटाला चुकून तीच दिली. कंडक्टरनं ती उलटीपालटी केली, शांतपणे परत दिली.

"गुरुजी, ही गाडी मोहोळला चाललीय. निजामाच्या राज्यात जायची ती कवाच सुटली की!"

*

आणि एकदा मंगळवेढ्याला गेलो होतो, सिद्धप्पा आणि मी. तिथं पारूबाई म्हणून एक म्हातारी होती, तिच्याकडं दहाची हाली नोट असल्याचं कळलं होतं. नवरा गुलबर्ग्याच्या गिरणीत होता. रझाकारीच्या दिवसांत त्यानं गावच्या माणसाबरोबर ही नोट पाठवली, त्यानंतर त्याचा पत्ताच नाही. म्हातारीच्या कपाळाला कुंकू मात्र ठसठशीत होतं.

तिनं डब्यातून फडक्यात गुंडाळलेली नोट काढली. "धनी आल्यावर मोडू म्हनलं. चालती न्हवं अजून?"

मी सिद्धप्पाकडं बघितलं. तो नोट उजेडात धरून बघत होता. कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहिलं होतं. लिहिलेली नोट सिद्धप्पा कधी घेत नसे. मला वाटलं, आता तो "होगली बिडरी", जाऊ द्या सोडा, म्हणून उठणार.

"आजी, हितं काय लिवलंय ते कुणी वाचून दाखवलं न्हाय तुमाला?"

"कुनाला दावू? पैका हाय म्हनून गावभर झालं असतं. काय लिवलंय?"

सिद्धप्पानं सावकाश वाचलं, "पारूला लुगडं. हिरवं."

 म्हातारीनं नोट त्याच्या हातातून घेतली, आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाली, "हिरवंच म्हनलाय का?"

"व्हय, हिरवंच."

"मग न्हाय द्यायची मला. राग मानू नका."

आम्ही उठलो. स्टँडवर गाडी लागलेली होती. मी आत चढून जागा धरली, तर सिद्धप्पा खालीच. "आलो," म्हणाला आणि पेठेकडं वळला. मी घाईनं उतरलो, गाडी गेली. मी त्याला शोधत निघालो, तर तो कापडाच्या दुकानातून बाहेर पडत होता, काखेत कागदात बांधलेलं पुडकं. तो तडक परत म्हातारीच्या दारात गेला.

"आजी, हे घ्या. तुमच्या नोटेचं."

तिनं पुडकं उघडलं. हिरवंगार इरकली लुगडं! ती लगबगीनं आत गेली, डबा घेऊन आली आणि फडक्यातली नोट त्याच्यापुढं धरली. "मग ही घ्या की."

सिद्धप्पा पायात चप्पल सरकवत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आजी. माझ्याकडं सुट्टे न्हाईत."